आलेखाचा जनक विल्यम प्लेफेअर

देवळ्याच्या बाजार समितीच्या आवारांत सकाळीं ट्रॅक्टरांची रांग लागली, कीं शाळेच्या वाटेवरील मुलांच्या तोंडीं दुसरा विषय नसतो. काल किती भाव निघाला, उमराण्यास किती होता, लासलगांवास किती, याची चर्चा पांचवीच्या वर्गांतील मुलेंहि मोठ्या गंभीरपणें करितात. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं कांद्याची चाळ आहे, आणि बऱ्याच चाळींच्या फळीवर खडूनें लिहिलेली भावांची एक लांब ओळ आम्हीं स्वतः पाहिली आहे. तारीख आणि रुपये, तारीख आणि रुपये, असे चाळीस-पन्नास आंकडे एकाखालीं एक मांडलेले असतात. घरधनी ती ओळ रोज पाहतात. पण भाव चढतीला आहे कीं उतरतीला, चढला तर किती वेगानें चढला, आणि गेल्या सालीं याच सुमारास काय झालें होतें, हें त्या ओळींतून चटकन् सांगणें त्यांनाहि कठिण जातें.

तेच आंकडे चौकटींच्या कागदावर मांडून पाहावे. आडव्या रेघेवर दिवस, उभ्या रेघेवर रुपये; प्रत्येक दिवसाच्या जागीं त्या दिवसाच्या भावाइतक्या उंचीवर एक ठिपका; आणि सर्व ठिपके जोडणारी एक रेषा. चाळीस आंकड्यांनीं जें सांगितलें नाहीं तें ही एक रेषा क्षणांत सांगते. गणिताचे शिक्षक ही कृति एका तासांत शिकवितात, म्हणून ती फार प्राचीन असावी असें मुलांस वाटतें. वस्तुतः तसें नाहीं. देकार्तनें सतराव्या शतकांत भूमितीस अक्ष दिले, हवामानाचा अभ्यास करणाऱ्या कांहीं शास्त्रज्ञांनीं उष्णतेच्या चढउताराच्या रेषाहि काढल्या, आणि प्रीस्टले या विद्वानानें १७६५ सालीं थोर पुरुषांचीं आयुष्यें लहानमोठ्या रेघांनीं दाखविणारा तक्ता प्रसिद्ध केला. परंतु व्यापाराचा, कर्जाचा आणि किंमतींचा हिशेब रेषेनें मांडावा हें कोणाच्या मनांत आलें नव्हतें. तें १७८६ सालीं एका सव्वीस वर्षांच्या स्कॉच तरुणानें करून दाखविलें. त्याचें नांव विल्यम प्लेफेअर. त्याचें चरित्र आम्ही येथें सांगणार आहों. तें निर्मळ नाहीं हें आरंभींच सांगून टाकितों. ज्यानें राष्ट्रांचे जमाखर्च डोळ्यांस दिसतील असे केले, त्यास स्वतःचा जमाखर्च जन्मभर साधला नाहीं.

विल्यमचा जन्म २२ सप्टेंबर १७५९ रोजीं स्कॉटलंडांत डंडी शहराजवळील लिफ या खेड्यांत झाला. वडील जेम्स प्लेफेअर हे त्या गांवचे धर्मोपदेशक होते. घरची स्थिति बेताची, मुलें पुष्कळ. १७७२ सालीं वडील वारले तेव्हां विल्यम तेरा वर्षांचाहि पुरा झाला नव्हता. कुटुंबाचा भार थोरला भाऊ जॉन याजवर पडला. हाच जॉन पुढें एडिंबरो विद्यापीठांत गणिताचा अध्यापक झाला आणि भूगर्भशास्त्रांतील त्याच्या ग्रंथानें मोठें नांव मिळविलें. पण आमच्या दृष्टीनें त्याची सर्वांत मोठी कामगिरी घरांतील आहे. त्यानें धाकट्या भावास उष्णतामापकाची रोजची नोंद ठेवावयास लाविलें, आणि ती नुसती आंकड्यांनीं न ठेवतां कागदावर आंखलेल्या प्रमाणांत रेघांनीं मांडावयास शिकविलें. जें जें आंकड्यांत सांगतां येतें तें तें रेघांतहि दाखवितां येतें, ही गोष्ट आपण थोरल्या भावापासून शिकलों, असें विल्यमनें पुढें स्वतः नमूद केलें आहे. वडील बंधूनें धाकट्यास पावसाळ्यांतल्या रिकाम्या वेळीं दिलेल्या अशा कामांचीं फळें कोठें आणि केव्हां दिसतील, सांगतां येत नाहीं.

विल्यमचें शाळेंतील शिक्षण फारसें झालें नाहीं. त्यास अँड्र्यू मीकल या यंत्रकाराकडे उमेदवारीस ठेवण्यांत आलें. धान्याची मळणी करणारें यंत्र ज्यानें सिद्ध केलें तोच हा मीकल. तेथून १७७७ सालीं विल्यम बर्मिंगहॅमला बोल्टन आणि वॅट यांच्या प्रख्यात कारखान्यांत शिरला. वाफेच्या यंत्रांचीं चित्रें काढणें, वॅटचीं टिपणें उतरून घेणें, असें त्याचें काम होतें. यंत्राचें चित्र काढणारास प्रत्येक रेघ मापानेंच ओढावी लागते. अंगुळभर रेघ चुकली तर लोखंड वांया जातें. ही शिस्त त्याच्या हातास येथें लागली. मनास मात्र लागली नाहीं. चार-पांच वर्षांत त्यानें ती नोकरी सोडली, एका सोबत्याबरोबर लंडनमध्यें चांदीचीं व मुलाम्याचीं भांडीं करण्याचा कारखाना काढला, आणि तो बुडविला. बुडण्याची ही पहिली वेळ. येथून पुढें आम्ही त्या मोजीत बसणार नाहीं, कारण तसें केल्यास या लेखांत दुसऱ्या कशास जागा उरणार नाहीं.

त्यानंतर तो लेखणीकडे वळला. १७८६ सालीं त्यानें व्यापार आणि राज्यकारभार यांविषयींचा एक नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. नकाशासंग्रह म्हटला कीं डोंगर, नद्या आणि सरहद्दी. पण या पुस्तकांत एकहि देश काढलेला नव्हता. त्यांत चव्वेचाळीस तक्ते होते, आणि त्यांपैकीं त्रेचाळीस तक्त्यांत कालानुरूप चढणाऱ्या-उतरणाऱ्या रेषा होत्या. तांब्याच्या पत्र्यावर त्या कोरल्या होत्या आणि छापून झाल्यावर हातानें रंग भरले होते.

लोक विचारतील, पैसा ही कांहीं लांबीची वस्तु नव्हे, मग तो रेघेनें कसा मोजावा? याचें उत्तर प्लेफेअरनें मोठ्या युक्तीनें दिलें आहे. तें आम्ही आपल्या शब्दांत सांगतों. एखाद्या दुकानदारानें रोजच्या विक्रीचीं नाणीं रात्रीं एकावर एक रचून ठेविलीं, आणि दर दिवसाचा ढीग आदल्या दिवसाच्या ढिगाशेजारीं ठेवीत गेला, तर वर्षअखेर त्याच्या फळीवर काय दिसेल? उंच ढीग, ठेंगणे ढीग, दिवाळीचा डोंगर आणि श्रावणांतली दरी. ढिगांच्या माथ्यांवरून एक दोरा ताणला तर तो दोरा म्हणजेच आलेख. ढिगाची उंची ही पैशाच्या प्रमाणांत असते, म्हणून रेघेची उंचीहि असते. या रीतीस त्यानें रेषांचें अंकगणित असें नांव दिलें.

वॅटनें १७८५ सालींच त्यास एक सल्ला दिला होता. तो आजच्या वाचकानेंहि लक्षांत घ्यावा. केवळ रेषा छापल्यास लोक त्या तुझ्याच शब्दावर मानाव्या लागतील असें म्हणतील, म्हणून ज्या आंकड्यांवरून रेषा काढल्या ते आंकडेहि पुस्तकांत छाप, असा त्या सल्ल्याचा आशय होता. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भावाच्या, शेअरांच्या आणि सोन्याच्या रेषा रोज नाचतात. त्यांखालीं मूळ आंकडे कोठून आणले हें किती ठिकाणीं लिहिलेलें असतें, तें पालकांनीं एकदां पाहावें.

आतां त्या तक्त्यांपैकीं दोन-तीन उघडूं. एका तक्त्यांत इंग्लंडचा डेन्मार्क व नॉर्वे यांच्याशीं १७०० ते १७८० पर्यंतचा व्यापार आहे. एक रेषा आयातीची, दुसरी निर्यातीची. आरंभीं आयातीची रेषा वर आहे. दोहोंमधील जागेस एक रंग देऊन, इतकी रक्कम इंग्लंडच्या विरुद्ध बाजूस, असें दाखविलें आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास दोन्ही रेषा एकमेकींस छेदतात, निर्यात वर चढते, आणि मधल्या जागेचा रंग बदलतो. ऐशीं वर्षांच्या जकातीच्या वह्या चाळून जें कळावयाचें तें एका पानावर दिसतें.

दुसरा तक्ता पूर्वेकडील देशांशीं, म्हणजे आपल्याकडील व्यापाराचा आहे. त्यांत इंग्लंडची आयात निर्यातीहून अधिक आहे. प्लेफेअरच्या काळच्या समजुतीप्रमाणें हा इंग्लंडचा तोटा झाला. येथें आम्हांस थोडें थांबावेसें वाटतें. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर कंपनी बंगालचा माल बंगालच्याच महसुलांतून विकत घेऊं लागली. मालाची रेषा वर गेली खरी, पण त्या मालाचें मोल पूर्वीसारखें बाहेरून येईनासें झालें. हें त्या रेषेंत दिसत नाहीं. एका शतकानंतर दादाभाई नौरोजींनीं हेच व्यापाराचे आंकडे हातीं घेऊन हिंदुस्थानांतून बाहेर जाणारा जास्तीचा माल हा फायदा नसून संपत्तीचा ओघ आहे, असें सिद्ध करण्यांत आयुष्य वेंचलें. आंकडे त्याच जातीचे, रेषा तीच, वाचणारा निराळा. रेषा किती, हें सांगते. कां, हें सांगत नाहीं.

तिसरा तक्ता इंग्लंडच्या राष्ट्रीय कर्जाचा. ही रेषा शांततेच्या काळांत जवळजवळ आडवी चालते आणि प्रत्येक युद्धाच्या वेळीं उभी उसळते. अमेरिकेचें युद्ध १७८३ सालीं संपलें होतें, आणि त्याचा कडा तक्त्याच्या शेवटीं सर्वांत उंच उभा आहे. प्रधानमंडळांतील भाषणांनीं जें झांकलें जात होतें तें येथें उघडें पडलें.

आणि चव्वेचाळिसावा तक्ता? तो स्कॉटलंडचा, प्लेफेअरच्या स्वतःच्या देशाचा. त्या देशाच्या व्यापाराचे आंकडे त्यास एकाच वर्षाचे, १७८० च्या नाताळापासून १७८१ च्या नाताळापर्यंतचे मिळाले. एका वर्षाची रेषा होत नाहीं. दुसऱ्या कोणीं मागचींपुढचीं वर्षें अंदाजानें भरून रेषा पुरी केली असती. त्यानें तसें केलें नाहीं. सतरा देशांसाठीं लहानमोठ्या पट्ट्या काढून त्यानें तेवढ्या एका वर्षाचा व्यापार दाखविला, आणि या तक्त्यांत काळ नसल्यामुळें तो इतरांहून उणा आहे असें मोकळेपणें कबूल केलें. ज्यास आज आपण स्तंभालेख म्हणतों तो असा आंकड्यांच्या टंचाईंतून जन्मास आला. व्यवहारांत ज्यानें अनेकांस फसविलें त्यानें या एका बाबतींत वाचकास फसविलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस विलक्षण वाटते.

इंग्लंडांत या पुस्तकाचा म्हणावा तसा गौरव झाला नाहीं. विद्वानांस चित्रें पोरकट वाटलीं. फ्रान्समध्यें मात्र सोळाव्या लुई राजाच्या हातीं पुस्तक पडलें. राजास भूगोलाचा नाद असल्यामुळें तक्ते लगेच समजले व फार आवडले, असें प्लेफेअरनें लिहून ठेविलें आहे. १७८७ च्या सुमारास तो पॅरिसला जाऊन राहिला, आणि १७८९ सालीं तेथें त्याच्या तक्त्यांचें फ्रेंच भाषांतरहि निघालें.

त्याच वर्षीं फ्रान्समध्यें राज्यक्रांतीचा वणवा पेटला. लोक देश सोडण्याची वाट पाहत होते, आणि प्लेफेअरला त्यांत धंदा दिसला. अमेरिकेंत ओहायो नदीच्या कांठची जमीन विकण्यासाठीं सायोटो नांवाची एक कंपनी निघाली होती. तिच्या पॅरिसमधील व्यवहारांत तो जोएल बार्लो या अमेरिकन गृहस्थाबरोबर शिरला. जमिनीचीं सुंदर वर्णनें छापलीं गेलीं. शेंकडों फ्रेंच कुटुंबांनीं, त्यांत घड्याळजी, शिंपी, केशकर्तक असे शहरी कारागीरहि होते, घरदार विकून पैसे भरले व १७९० सालीं समुद्र ओलांडला. तेथें गेल्यावर कळलें कीं कंपनीपाशीं त्या जमिनीची मालकीच नव्हती. पुढें दाट अरण्य, मागें समुद्र. त्या लोकांनीं वसविलेलें गॅलिपोलिस हें गांव ओहायो नदीच्या कांठीं आजहि आहे. भरलेल्या पैशाचा नीट हिशेब मात्र लागला नाहीं, आणि दोषाचा मोठा वांटा प्लेफेअरच्या पदरीं पडला. ज्यानें दोन रेषांमधील जागा रंगवून राष्ट्रांचा तोटा दाखविला, त्यानें या कुटुंबांपुढें ठेवलेल्या चित्राखालीं आंकडे नव्हते. वॅटचा सल्ला त्यानें पुस्तकापुरता मानला, असें म्हणावें लागतें.

पुढें तो इंग्लंडांत परत आला आणि फ्रेंच क्रांतीचा कट्टा शत्रु बनला. फ्रान्सचें कागदी चलन खोट्या नोटांनीं पाडावें अशी सूचना त्यानें १७९३ सालीं इंग्लिश सरकारास केली होती. १७९७ च्या सुमारास लंडनमध्यें काढलेली पेढी थोडक्याच काळांत बंद पडली. कर्जापायीं तुरुंगांत राहण्याची पाळीहि त्याजवर आली. वृत्तपत्रें, चोपडीं, सरदारांच्या वंशावळी, जें मिळेल तें तो लिही. ॲडम स्मिथच्या राष्ट्रांच्या संपत्तीवरील ग्रंथाची एक आवृत्ति १८०५ सालीं त्यानें टीपा देऊन संपादिली. राष्ट्रें वैभवास चढून कां खालावतात याविषयींचा स्वतःचा ग्रंथहि त्याच सालीं काढला. उतारवयांत, १८१६ सालीं, एका लॉर्डास त्याच्या घराण्याविषयींच्या कागदपत्रांचा धाक घालून पैसे उकळण्याचा प्रयत्नहि त्याच्या हातून झाला. याहून अधिक त्या बाजूस आम्ही जात नाहीं.

मधल्या काळांतील एक लहान पुस्तक मात्र सांगितलेंच पाहिजे. १८०१ सालीं निघालेल्या त्या पुस्तकांत त्यानें युरोपांतील प्रत्येक राज्याचा विस्तार वर्तुळानें दाखविला, आणि लोकसंख्या व महसूल त्या वर्तुळाच्या दोहों बाजूंच्या उभ्या रेघांनीं. तुर्की साम्राज्याच्या वर्तुळाचे आशिया, युरोप आणि आफ्रिका असे तीन तुकडे पाडून त्यांस निरनिराळे रंग दिले. भाकरीच्या तुकड्यांसारखा जो वर्तुळालेख भूगोलाच्या पुस्तकांत मुलें पाहतात त्याचा हा पहिला अवतार. त्याच पुस्तकास शेवटीं हिंदुस्थानांतील सत्ताधीशांचा असाच एक तक्ता जोडलेला आहे. तें साल ध्यानांत घ्यावें. पुण्यास दुसरा बाजीराव गादीवर होता, वसईचा तह व्हावयास अजून एक वर्ष होतें, आणि आमच्या या भागांत चांदवडास होळकरांचा अंमल चालत होता. लंडनमधील एक कर्जबाजारी लेखक आपल्या देशांतील राज्यांचीं वर्तुळें काढून त्यांत रंग भरीत होता. दोन तपें पुरीं होण्यापूर्वीं तीं वर्तुळें पुन्हां काढावीं लागलीं असतीं.

आम्हांस सर्वांत जवळचा वाटतो तो त्याचा अखेरचा मोठा तक्ता. नेपोलियनचीं युद्धें १८१५ सालीं संपलीं आणि इंग्लंडांत गव्हाचे भाव कोसळले. शेतकरी हवालदिल झाले. शहरांतील मजूर तर आधींपासून महागाईची तक्रार करीत होते. दोघेहि पार्लमेंटाच्या दारांशीं. अशा वेळीं, १८२१ सालीं, प्लेफेअरनें शेतीच्या दुरवस्थेवर एक पत्रवजा पुस्तक लिहिलें, आणि त्यांत १५६५ पासून १८२१ पर्यंतचा, अडीचशें वर्षांचा, एक तक्ता दिला. गव्हाचा भाव त्यांत उभ्या पट्ट्यांनीं दाखविला आहे. चांगल्या कारागिराची आठवड्याची मजुरी खालून चढत येणाऱ्या रेषेनें. आणि अगदीं वर एलिझाबेथ राणीपासून चौथ्या जॉर्जपर्यंत कोण कोण राज्य करीत होतें त्यांचे पट्टे. भाव, मजुरी आणि राजा, तिन्ही एका पानावर.

त्याचें म्हणणें असें, कीं गव्हाचा भाव कितीहि वाढलेला दिसला तरी मजुरी त्याहून अधिक वाढली आहे, म्हणून मजुराच्या दृष्टीनें गहूं पूर्वीं कधीं नव्हता इतका स्वस्त आहे. त्याच्याच तक्त्यावरून मोजलें असतां १५६५ सालीं एका क्वार्टर गव्हाचा भाव सुमारें ४१ शिलिंग व मजुरी सुमारें ५ शिलिंग, म्हणजे आठ आठवड्यांहून अधिक काम. १८१० सालीं भाव सुमारें ९९ शिलिंग, पण मजुरी ३० शिलिंग, म्हणजे सव्वातीन आठवड्यांचें काम. म्हणणें खरें होतें. पण गंमत अशी कीं तक्ता पाहणारास हें दिसतच नाहीं! डोळ्यांस दिसतात त्या गव्हाच्या उंच पट्ट्या, आणि मजुरीची रेषा बिचारी तळाशीं चालत असते. जो भागाकार त्याच्या मनांत होता तो त्यानें वाचकावर सोपविला. एकाला दुसऱ्यानें भागून येणारी तिसरी रेषा त्यानें काढली असती, तर ती एकटी पुरली असती. जनकाची ही चूक आज शाळकरी मुलासहि दाखवितां येते, आणि म्हणूनच ती सांगण्यासारखी आहे.

आपल्याकडे ती करून पाहणें सोपें आहे. समजा, कांदा दहा रुपये किलो आहे आणि कांदा काढणीची मजुरी रोजास तीनशें रुपये. तर एका मजुराच्या एका दिवसासाठीं शेतकऱ्यास तीस किलो कांदा विकावा लागतो. भाव वीस झाला आणि मजुरी सहाशें, तर पुन्हां तीसच किलो. भावाची रेषा दुप्पट उंच गेली, वर्तमानपत्रांत महागाईची ओरड झाली, पण मजुरीच्या मापानें कांद्याचें मोल होतें तेवढेंच राहिलें. कसमादे पट्ट्यांतील कोणीहि पालक हा हिशेब तोंडीं करतो. त्याची रेषा मात्र आम्हीं अजून कोणाच्या भिंतीवर पाहिली नाहीं.

प्लेफेअर ११ फेब्रुवारी १८२३ रोजीं लंडनमध्यें गरिबींत वारला. थोरला भाऊ जॉन चार वर्षें आधीं, १८१९ सालीं, निवर्तला होता. एडिंबरोच्या कॅल्टन टेकडीवर त्याचें दगडी स्मारक उभें आहे, आणि तें त्यांचाच पुतण्या, विख्यात शिल्पकार विल्यम हेन्री प्लेफेअर, यानें योजिलेलें आहे. धाकट्याचें नांव त्याच्या देशांत जवळजवळ पुसलें गेलें. चाळीस वर्षांनीं जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानें किंमतींचे आलेख काढावयास घेतले तेव्हां ही विद्या इंग्लंडांत पुन्हां जागी झाली. १८६३ सालीं सोन्याचें मोल घटल्याचें दाखवितांना जेव्हन्सनें एक सुधारणाहि केली: उभ्या अक्षावर समान अंतर म्हणजे समान रुपये असें न धरतां समान पट असें धरलें. पांचशेंचा भाव हजार झाला आणि दोन हजारांचा अडीच हजार झाला, तर साध्या कागदावर दोन्ही चढ सारखेच उंच दिसतात. पण पहिल्यांत दुप्पट झाली आहे, दुसऱ्यांत सव्वापट. जेव्हन्सच्या कागदावर हा फरक डोळ्यांस दिसतो. १८८५ सालीं मार्शलसारख्या आचार्यानें लंडनच्या संख्याशास्त्र-मंडळापुढें आलेखपद्धतीवर निबंध वाचला, आणि मग ती विद्यापीठांत पोरकट राहिली नाहीं.

जेव्हन्स लंडनमध्यें किंमतींच्या रेषा काढीत होता, नेमक्या त्याच वर्षांत आपल्या मुंबईस एक अशी रेषा प्रत्यक्ष घडत होती. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाचा भाव आकाशास भिडला. पांच वर्षांत नेहमीहून सुमारें ८ कोटी १० लक्ष पौंड अधिक मुंबईस मिळाले असा अंदाज आहे. त्या पैशावर बँका निघाल्या, समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर शेअरांचे भाव चढले. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपलें. वायद्याचे सौदे १ जुलै १८६५ रोजीं पुरे करावयाचे होते. त्या दिवशीं मुंबईंत देणें पुरें करूं शकणारे थोडे आणि दिवाळें निघालेले पुष्कळ, अशी स्थिति झाली. प्रेमचंदांसहि १८६६ सालीं नादार व्हावें लागलें. त्या वर्षांचे भाव चौकटींच्या कागदावर काढले तर धोडपच्या माथ्यासारखें एक शिखर दिसतें, आणि शिखराच्या अगदीं टोंकावर उभ्या असलेल्या माणसास ती रेषा अजून चढतीलाच दिसत होती. आलेख झालेलें दाखवितो. उद्यांचा ठिपका कोऱ्या कागदावर असतो.

पुढील गोष्टी आम्ही थोडक्यांत उरकतों. न्यूयॉर्कमध्यें चार्ल्स डौ यानें १८८४ सालीं कांहीं कंपन्यांच्या शेअरांची सरासरी काढून एकच आंकडा छापण्यास आरंभ केला, आणि १८९६ सालीं बारा उद्योगांची निराळी सरासरी काढली. म्हणजे सगळ्या बाजाराची मिळून एक रेषा होऊं लागली. मुंबईच्या शेअरबाजाराची संस्था १८७५ ची. पण तिचा सेन्सेक्स हा निर्देशांक १ जानेवारी १९८६ पासून प्रसिद्ध होऊं लागला. तीस कंपन्या, आणि १९७८-७९ सालचा भाव १०० धरलेला. प्लेफेअरच्या पहिल्या पुस्तकास त्या वर्षीं बरोबर दोनशें वर्षें झालीं होतीं. मुंबईंत कोणास त्याची आठवण झाली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आमच्या नववीच्या वर्गांत यंदां भिंतीवर एक लांब आलेखपत्र लाविलें आहे. २०२३ च्या जूनपासून २०२४ च्या जूनपर्यंतचे देवळ्याचे कांद्याचे भाव मुलांनीं घरोघरच्या वह्यांतून व हिशेबपट्ट्यांतून जमविले. वर्तमानपत्रांत किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव येतात. त्यांपैकीं कोणता घ्यावा यावर वर्गांत दोन दिवस वाद झाला, कारण कमाल भावाची रेषा काढली तर सगळेच शेतकरी श्रीमंत दिसतात. शेवटीं सरासरी घेतला, आणि उभा अक्ष शून्यापासून सुरू केला. ८ डिसेंबर २०२३ रोजीं निर्यातबंदी झाली. त्या जागीं रेषा कड्यावरून पडावी तशी खालीं येते. ४ मे २०२४ रोजीं बंदी उठली, तेथेंहि मुलांनीं एक लहान खूण केली आहे. शेजारींच तांबड्या पेन्सिलीनें मजुरीची रेषा काढण्याचें काम चालू आहे.

त्या आलेखांत श्रावणांतील दोन आठवडे रिकामे आहेत. ज्या वहींत ते भाव होते ती पावसांत भिजली. एका मुलानें दोन्हीं टोंकें पट्टीनें जोडून टाकिलीं होतीं. शिक्षकांनीं स्कॉटलंडच्या तक्त्याची गोष्ट सांगून ती रेघ पुसावयास लाविली, आणि तेथें रेषा तोडून ठेविली आहे. कोणा पालकांपाशीं त्या दिवसांच्या हिशेबपट्ट्या असतील, तर त्यांनीं मुलांबरोबर वर्गशिक्षकांकडे पाठवाव्या. पाहून झाल्यावर त्या परत केल्या जातील.